वाईट सालाची तजवीज

धानाचे गणित ऑक्टोबरात ठरते. परे टाकले, रोवणी आटोपली, श्रावणात बांध्या भरून वाहिल्या, तरी भारी धानाच्या लोंबीत दाणा भरायच्या वेळी, दसऱ्याच्या आसपास, एक पाणी मिळाले नाही तर खळ्यावर येते ती नुसती तणस. भंडारा जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर त्याला ही चैन वाटेल. पण हा पाऊस चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो आणि परतताना बरेचदा हात आखडता घेतो. सिहार नावाची इथली पिवळसर, रेताड जमीन धानाला मानवते, पण ओल फार दिवस धरत नाही. पाऊस भरपूर आणि पीक तरी बेभरवशाचे, असा हा वैनगंगेकाठचा मुलूख.

दसऱ्याच्या त्या एका पाण्याची सोय इथल्या लोकांनी तीनएकशे वर्षांपूर्वीच करायला घेतली होती. पुढे ती सोय कोणाकोणाच्या हाती गेली आणि प्रत्येकाने येणाऱ्या वाईट सालाचा विचार कसा केला, किंवा केलाच नाही, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात कोहळ्यांपासून करावी लागते. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे त्याने तळी बांधणारी आणि ऊस पिकवणारी ही माणसे पाहिली आणि त्यांना आपल्या राज्यात घेऊन आला, अशी या समाजाची आख्यायिका. आर. व्ही. रसेल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात कोहळ्यांची माहिती देताना ती नोंदवली आहे. आपल्याकडे बऱ्याच समाजांच्या वंशकथा काशीला जाऊन पोचतात, तेव्हा तेवढा भाग जरा जपूनच घ्यावा. राजाला तळी बांधणारी माणसे हवी होती आणि त्यांना द्यायला त्याच्याकडे पडीक जंगल मुबलक होते, एवढे मात्र खरे. जंगल साफ करून जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यायची, अशी चाल चांद्याच्या गोंड राजांनी पाडली. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती अजून आहे.

या अटीत एक हुशारी दडलेली आहे. बक्षीस तलावाच्या आकारावर नव्हते, भिजणाऱ्या जमिनीवर होते. पाळ कितीही उंच बांधा, पाणी बांधीपर्यंत पोचले नाही तर पदरात काही नाही. शिवाय पाळ बसायला, तलाव भरायला आणि खालची जमीन धानाची व्हायला काही पावसाळे जावे लागणार. म्हणजे राजाने आपल्या मुलुखात पुढच्या दहा-वीस वर्षांचा विचार करणारी माणसे वसवली आणि त्यांचा फायदा त्या विचाराशी बांधून टाकला. आजच्या योजनांत ठेकेदाराचे बिल माती टाकली की निघते, भिजलेली जमीन कोणी मोजत नाही. गोंड राजाचा हिशेब त्यापेक्षा पक्का होता.

अशा तळ्यांचा मुकुटमणी म्हणजे नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचे सांगतात. टेकड्यांच्या मधल्या खिंडी पाळींनी बुजवून केलेला हा जलाशय सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरला आहे. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव भंडाऱ्याच्या नकाशातून गेले. मराठी वाचकाला ते मारुती चितमपल्लींमुळे पक्ष्यांचे गाव म्हणून ठाऊक आहे. पण कोलू पाटलाने तलाव बांधला तो धान आणि उसासाठी. पक्षी आले ते आगंतुक.

आता एखादे कोहळी वळणाचे गाव डोळ्यांसमोर आणा. वरच्या अंगाला जंगल. त्याखाली तलाव, त्याची पाळ, पाळीच्या पोटातून पाणी काढायचे तुडूम आणि जास्तीचे पाणी काढून देणारा सांडवा. सांडव्याचे पाणी वाया जात नाही, ते खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरते. पाळीखाली भारी धानाच्या बांध्या आणि उसाचे वाफे. जरा दूर, जिथे तुडुमाचे पाणी पोचायची शाश्वती नाही, तिथे हलके धान. ते लवकर निसवते आणि पाऊस रुसायच्या आत घरी येते. एकाच घरची शेती अशी वरखाली वाटलेली असे. तलावात मरळ, शिंगी, मांगूर, झिंगे. काठाला शिंगाडा, कमळाचे कांद. तलाव आटत गेला की उघड्या पडलेल्या गाळपेरात काहीतरी टाकायचे.

आणि या सगळ्यात लाखोरी. तिच्याकडे पुढे परत यायचे आहे, म्हणून ती कशी पेरतात हे जवळून पाहून घेऊ. धान अजून उभे आहे, लोंब्या पिवळ्या पडू लागल्या आहेत आणि बांधीत चिखल आहे. शेतकरी त्या चिखलात उतरतो, पोटरीपर्यंत पाय रुतवत चालतो आणि धानाच्या ताटांमधून लाखोरीचे बी फेकत जातो. नांगर नाही, वखर नाही. पंधरा-वीस दिवसांनी धान कापले जाते तेव्हा खाली लाखोरी उगवून आलेली असते. उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती वाढते, निळी फुले धरते. कोवळी असताना तिची भाजी होते, पिकली की डाळ, डाळीचे वडे, आणि भूस जनावरांना. दुसऱ्या पाण्याची अपेक्षा न करणारे हे पीक. इतर सारे बुडाले तरी ते काहीतरी देऊन जाते.

पाऊस भरपूर झाला तर भारी धान आणि ऊस. मध्येच थांबला तर तलावाचे एक पाणी. लवकर संपला तर हलके धान. फारच दगा दिला तर मासे, कांद, लाखोरी. चार प्रकारच्या सालांची चार उत्तरे एकाच शिवारात मांडून ठेवलेली. व्यवस्थापनाच्या वर्गात याला आता 'सिनॅरियो प्लॅनिंग' म्हणतात आणि त्याची गोष्ट शेल या तेलकंपनीपासून सांगतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिएर वॅक नावाच्या फ्रेंच गृहस्थाने तिथल्या बड्या अधिकाऱ्यांना तेलाच्या भावाचा एकच अंदाज देण्याऐवजी, काय काय घडू शकते याची वेगवेगळी चित्रे त्यांच्यापुढे ठेवली. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले तेव्हा शेल इतर कंपन्यांपेक्षा सावध निघाली. मग ही रीत जगभर गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिलेनियम इकोसिस्टम असेसमेंट'ने जगाच्या अन्न-पाण्याची अशीच चार भवितव्ये रंगवली. वॅकची कल्पना मोलाची आहेच. फक्त तिचा पत्ता लंडनमध्येच शोधायचे कारण नाही.

पण गावकीचे गोडवे इथेच थांबवलेले बरे. राजा, पाटील आणि तलाव या तिघांच्या कथा सांगितल्या जातात. पाळीवर मातीच्या पाट्या कोणी वाहिल्या हे कोणत्याही आख्यायिकेत येत नाही. पाणी आधी कोणाच्या बांधीत जाणार, हे गावातल्या मानपानाप्रमाणेच ठरे. तलावातले मासे धरणाऱ्या ढिवराला पाण्याखालची जमीन क्वचितच मिळाली. वाईट सालाची तजवीज गावाने केली होती खरी, पण ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नव्हती. याची किंमत पुढे दिसली.

१८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ ला मध्य प्रांत झाला आणि त्या दशकात भंडारा जिल्ह्याची जमाबंदी झाली. भोसल्यांच्या काळात गावचा वसूल गोळा करणारा पाटील किंवा मालगुजार आता कायद्याने गावाचा मालक बनला. तलावही त्याचा झाला. मात्र इंग्रज अंमलदारांनी एक शहाणपण दाखवले. गावातले रिवाज, म्हणजे पाणी कसे वाटायचे, पाळीची दुरुस्ती कोणी करायची, चराई-लाकडाचा हक्क कोणाला, हे 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात उतरवून घेतले. मालगुजाराची स्वतःची सीर जमीन बहुधा तलावाखालीच असे. त्यामुळे तुडूम गळू लागले तर पहिला त्रास त्यालाच. त्याची मालकी अन्यायाची असली तरी तलाव राखण्यात त्याचे पोट अडकलेले होते, आणि पाळीवर माती पडत राहिली ती या स्वार्थापोटी. काही मालगुजारांनी नवे तलावही बांधले.

वाईट सालाचा सरकारी विचार मात्र वेगळ्या ठिकाणी चालला होता. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, त्याचा अहवाल १८८० ला आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळसंहिता निघाल्या. हे कागद आज वाचले तर चकित व्हायला होते. दुष्काळ येतो आहे हे ओळखायची लक्षणे त्यांत दिली आहेत. धान्याचे भाव चढतात, सावकार उधारी आवरतो, दानधर्म आटतो, माणसे गाव सोडून दिशाहीन भटकू लागतात, चोऱ्या वाढतात. ही लक्षणे दिसताच काय करायचे, याची क्रमवार आज्ञा. आणि त्याहून महत्त्वाचे, प्रत्येक जिल्ह्याने कामांची यादी आधीच तयार ठेवायची, म्हणजे वेळ आली की खडी फोडायला माणसे लावता येतील. भविष्याचा अंदाज बांधून आधीच कागद तयार ठेवणारी, आधुनिक सरकारने केलेली ही जगातल्या पहिल्या काही योजनांपैकी एक म्हणावी लागेल.

कागद तयार असला तरी तो उघडणारा हात सढळ लागतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांताच्या सरकारने मदत उशिरा आणि आखडून दिली, आणि माणसे मोठ्या संख्येने मेली. दोनच वर्षांनी, १८९९ ला, पाऊस पुन्हा फसला. या वेळी प्रांताने मदतीचा हात मोकळा सोडला. गावोगावी कामे निघाली, त्यांत तलाव खोल करणे आणि पाळी उंचावणे हे मोठे काम होते. संहिता तीच होती, बदलला होता तो अंमलदारांचा कल. १९०१ ला बसलेल्या सिंचन आयोगानंतर मग सरकारने स्वतः मोठे तलाव बांधायला घेतले. रामटेकचा तलाव, चांद्याकडचा आसोलामेंढा, भंडाऱ्यातले चांदपूर आणि बोदलकसा हे त्या काळातले.

त्या दुष्काळांनी आणखी एक गोष्ट उघडी पाडली. पायांतली शक्ती जाऊन काठी टेकत, गुडघे एकमेकांवर घासत चालणारी माणसे मध्य प्रांतात दिसू लागली. त्याआधी, १८३० च्या दशकात, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने सागरकडच्या खेड्यांत हेच पाहिले होते. गहू सलग बुडाला, शेतात लाखोरी तेवढी तगली, लोकांनी तीच खाल्ली, आणि तरण्याताठ्या माणसांचे पाय गेले. बुकॅनन नावाच्या डॉक्टरने १८९६ ते १९०२ या वर्षांतल्या या रोगाचा अहवाल लिहिला, तो १९०४ ला नागपुरात छापला गेला. सगळीकडे कथा एकच. लाखोरी रोजच्या ताटात भाताबरोबर, भाजीबरोबर थोडी असली तर काही होत नाही. तीन-चार महिने ताटात दुसरे काहीच नसले, म्हणजे ती पोटभर खाल्ली, तर पाय जातात. अशी वेळ कोणावर येते? ज्याच्याकडे तलावाखालची बांधी नाही, मासे धरायचा हक्क नाही आणि मजुरी म्हणून ज्याच्या पदरात मालकाने लाखोरीच टाकली आहे, त्याच्यावर. रेवा संस्थानात तर वेठबिगारांची मजुरी या डाळीतच देण्याची चाल होती. वाईट सालासाठी राखलेले चौथे उत्तर गावातल्या सर्वांत गरिबाला पहिले आणि एकमेव उत्तर म्हणून मिळाले.

स्वातंत्र्य आले आणि ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. मध्य प्रदेश विधानसभेने १९५० साली केलेल्या कायद्याने गावे सरकारजमा झाली, भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. कुळाला जमीन मिळाली, वेठ गेली. हे व्हायलाच हवे होते, यात शंका नाही. पण कायदा करणाऱ्यांपुढे प्रश्न जमिनीच्या मालकीचा होता, पाण्याच्या व्यवस्थेचा नव्हता. तलाव सरकारी झाले. तुडूम गळाले तर आता कोणाचे पोट दुखणार, याचा विचार कायद्यात नव्हता. १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात, १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. दर काही वर्षांनी कागदपत्रांचे गठ्ठे एका कचेरीतून दुसरीत. 'माजी मालगुजारी' या शब्दांची सरकारी आद्याक्षरे घेऊन त्यांचे 'मामा तलाव' झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून त्यांची संख्या साडेसहा हजारांच्या पुढे आहे. मामा आहेत पुष्कळ, पण त्यांना भाचा म्हणून विचारणारे कोणी उरले नाही. गाळ साचत गेला, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली, पाळीवर झाडे माजली आणि काठ बेशरम नावाच्या झुडपाने भरले. पूर्वी दुरुस्तीला माती वाहणारे गाव आता अंदाजपत्रकाच्या मंजुरीची वाट पाहू लागले.

पुढचा निर्णय ताटाबद्दल होता. १९६१ ला लाखोरीच्या विक्रीवर बंदी आली. विक्रीवर बंदी, पेरण्यावर नाही, ही त्यातली गंमत. रोगाचे कारण असलेले द्रव्य तर नंतर, १९६४ मध्ये, बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. बंदीमागची भीती खरी होती, हे आपण वर पाहिलेच. पण वाचली ती फक्त रोग्याची लक्षणे. त्याच्या ताटात दुसरे काय होते, हे कोणी वाचले नाही. भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याला या बांधीत दुसरे कोणते पीक विनापाणी येईल, हे सांगायची तसदी बंदी करणाऱ्यांनी घेतली नाही. मग जे व्हायचे तेच झाले. पेरा चालू राहिला, घरोघरी वडे होत राहिले, फक्त बाजारात भाव पडला आणि माल चोरट्या वाटेने गेला. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे भांडले, उपोषणाला बसले. कडधान्याचा हा गरिबांचा आधार काढून घेऊ नका, गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले की विषाचा बराच भाग जातो, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्राने २००८ ला बंदी उठवली. २०१६ मध्ये देशपातळीवरही रतन, प्रतीक, महातिवरा या कमी विषाच्या वाणांबद्दल तज्ज्ञांनी अनुकूल मत दिले. मधल्या ४७ वर्षांत धानाच्या बांधीतले दुसरे पीक सुधारायचे राहून गेले ते राहूनच गेले. डाळ आपण बाहेरच्या देशांतून आणत राहिलो.

बियाण्याचे म्हणाल तर सरकारच्या कल्पनेबाहेरचे भविष्य कधीकधी कोणाच्या तरी लहानशा शेतात उगवते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या धानात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, लावल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून एचएमटी धान आले, नाव घड्याळावरून पडले. बारीक, चवीचा हा तांदूळ भंडारा-गोंदियातही घरोघरी पोचला. दादाजी २०१८ ला गेले ते हलाखीतच. या वाणाचा खरा नफा कोणाला झाला, हे विदर्भात वेगळे सांगावे लागत नाही.

मामा तलावांच्या मागे सरकारने धरले ते एकच मोठे उत्तर: गोसीखुर्द. पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण बांधायचे ठरले तेव्हा १९८३ चा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी पायाभरणी केली. अडीच लाख हेक्टर भिजतील, असे गणित. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला, ऐंशीहून अधिक गावे उठली आणि कालव्यांची कामे रखडत राहिली. गोसीखुर्दचा उजवा कालवा पुढे नेऊन आसोलामेंढ्याच्या जुन्या तलावात सोडायची योजना आहे. म्हणजे नव्या उत्तरालाही जुन्या पाळीचा टेकू लागलाच.

धरण चूक की बरोबर, हा वाद इथे घालायचा नाही. नदीकाठच्या काही गावांना त्याचे पाणी मिळते आणि तिथला शेतकरी त्याबद्दल वाईट बोलत नाही. पण नियोजनाची तऱ्हा बघा. एवढ्या मोठ्या खर्चाच्या कागदात पुढचे भविष्य एकच लिहिले होते, धरण भरेल, कालवे वाहतील, धान पिकेल. नागपूर शहर वाढेल, त्याचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून आंभोऱ्याच्या संगमापाशी याच जलाशयात येईल, हे कोणी धरले नव्हते. आज जलाशयात पसरणारी जलपर्णी आणि पाण्याचा वास हा त्या न धरलेल्या गोष्टीचा परिणाम. आणि २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेले पाणी वैनगंगेला आले, भंडारा शहराच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले. दोन राज्यांतल्या दोन धरणांनी एकमेकांशी वेळेवर बोलायला हवे, हे शहाणपण पुरानंतर सुचले. तलावांच्या जुन्या साखळीत वरच्या सांडव्याचे पाणी खाली कधी पोचेल हे खालच्या गावाला पाऊस पाहूनच कळत होते.

मामा तलावांकडे पुन्हा कोणी वळले असेल तर ती सुरुवात अर्जुनी मोरगावच्या बाजूने झाली, म्हणजे जुन्या भंडारा जिल्ह्यातूनच. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी यांनी 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' काढून या तलावांचा अभ्यास केला, कोहळ्यांच्या रीती लिहून ठेवल्या आणि मुख्य म्हणजे ढिवरांचे ऐकले. तलावाला पाटबंधारे खाते पाण्याच्या टाकीसारखे पाहते. ढिवराला त्यात थर दिसतात: कुठल्या खोलीवर कोणती वनस्पती, कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो. बेशरम उपटायची, पाळीजवळचा चिखल नांगरायचा, हरवलेल्या पाणवनस्पती दुसऱ्या तलावातून आणून लावायच्या आणि देशी माशांना वाव द्यायचा, अशी कामे ढिवरांच्या संस्थांनी आणि पुढे बायकांच्या गटांनी केली. बाहेरून बीज आणून सोडलेल्या रोहू-कटल्याच्या जोडीला मरळ, शिंगी, मांगूर परत दिसू लागले. ही कामे करताना पूर्वी कधी तलावाच्या बैठकीत न बसलेल्या बायका बैठकीत बसल्या, हेही कमी नाही.

सरकारचे लक्ष पुन्हा गेले आहे. मामा तलावांच्या दुरुस्तीला पैसे येतात, २०१७ पासून गाळ काढून शेतात टाकायची योजना आहे, आणि २०२३ ला भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण पैशाचा मोठा प्रवाह एकाच बाजूला आहे. आधारभूत केंद्रावर धान विकले जाते, त्यावर राज्याचा बोनस. २०२३-२४ साठी तो हेक्टरी २० हजार रुपये होता, दोन हेक्टरांपर्यंत. शेतकऱ्याला तो हवाच आहे, बाकी काही परवडत नसताना तो कोण सोडेल? मात्र केंद्र सरकारच्या आधारभावाच्या यादीत लाखोरी नाही आणि मरळीला तर बोनस ही कल्पनाच नाही. त्यामुळे चार उत्तरांतले एकच पुष्ट होते. पाणी असेल तिथे उन्हाळी धान, आणि जिथे धान दोनदा, तिथे तुडतुड्यालाही दोनदा मेजवानी. २०१७ च्या खरिपात या किडीने पूर्व विदर्भातली उभी धाने वाळवली, तेव्हा मदतीच्या घोषणा कापसाच्या बोंडअळीबरोबरच धानासाठीही कराव्या लागल्या होत्या.

वाद आता येऊन ठेपला आहे तो उन्हाळ्यातल्या पाण्यावर. तलावाखालच्या शेतकऱ्याला उन्हाळी धानासाठी पाणी हवे. ढिवरांच्या संस्थेला तलावाच्या तळाशी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाण्याचे डबके उरायला हवे, कारण अंडी घालणारे मोठे मासे त्यातच जगतात. ते मेले तर पुढच्या साली बीज विकत आणावे लागते आणि देशी मासा तर विकतही मिळत नाही. संस्थेचा ठेका मात्र मासळीचा असतो, पाण्याचा नाही. एप्रिलात तुडूम उघडायचे की बंद ठेवायचे, हे सिंचनाच्या हिशेबाने ठरते. किती हात पाणी तळाशी सोडायचे, हे जर ग्रामसभेने ठराव करून लिहून ठेवले, जुन्या वाजिब-उल-अर्जात पाणीवाटप लिहिले होते तसे, तर भांडण निदान पाणी संपायच्या आधी होईल. आज ते बहुतेक ठिकाणी मासे मेल्यावर होते.